ज्याला धड दिसत नव्हतं, त्या माणसामुळं बीएमडब्ल्यू मर्सिडीजच्या घशात जाता जाता वाचली

गाड्यांच्या कुठल्याही ग्रुपवर जा, एक भांडण कायम चालू असतं. बीएमडब्ल्यूची एम५ भारी, मर्सिडीज-एएमजीची ई६३ भारी, की ऑडीची आरएस६?

तिन्ही जर्मन. तिन्ही लांबून पाहिल्या तर साहेबाच्या गाड्या. मागं घरच्यांना ऐसपैस जागा, डिकीत चार बॅगा, आत चामड्याच्या सीट. पण बॉनेट उघडलं की सुपरकारला घाम फोडेल असं इंजिन. एम५च्या चाहत्यांना स्टिअरिंग हातात धरायची मजा प्यारी, एएमजीवाले त्या व्ही८ इंजिनाच्या घरघरीवर जीव टाकतात, आणि ऑडीवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो. ओल्या रस्त्यावर बाकीचे घसरतात तिथं ही गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते.

या भांडणाच्या मुळाशी गेलं तर एक तारीख सापडते. ९ डिसेंबर १९५९.

त्या दिवशी म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूचा सौदा होणार होता. घेणारी कंपनी होती डाइम्लर-बेंझ, म्हणजे मर्सिडीज बनवणारी. आता खरी गंमत ऐका. आज जिला आपण ऑडी म्हणतो ती तेव्हाची ऑटो युनियन. ती डाइम्लर-बेंझनं १९५८ मध्येच खिशात घातली होती. म्हणजे त्या दिवशी सही झाली असती तर तिन्ही नावं एकाच मालकाच्या दावणीला बांधली गेली असती. आज ज्यावरून पोरं रात्र रात्र कमेंटमध्ये भांडतात ते भांडण सुरूच झालं नसतं.

सौदा फिसकटला. आणि त्यानंतर बीएमडब्ल्यू पायावर उभी राहिली ती हर्बर्ट क्वांट नावाच्या उद्योगपतीच्या पैशावर. या माणसाला नीट दिसत नव्हतं. आणि त्याच्या पैशाचा इतिहास असा होता की त्यावर त्याच्या हयातीत घरातलं कुणी उघड बोललं नाही.

हर्बर्टचा जन्म २२ जून १९१० चा, बर्लिनच्या वायव्येला असलेल्या प्रिट्झवाल्क नावाच्या छोट्या गावातला. क्वांट घराण्याचा कापडाचा धंदा. लष्कराच्या गणवेशाचं कापड हे त्यांचं खास गिऱ्हाईक, त्यामुळं पहिल्या महायुद्धात घरात पैसा खेळायला लागला. बाप ग्युंथर क्वांट महत्त्वाकांक्षी गडी. त्यानं कापडावर समाधान न मानता बॅटऱ्या बनवणारी आफा ही मोठी कंपनी ताब्यात घेतली. हीच कंपनी पुढं वार्ता नावानं ओळखली जाऊ लागली. पाठोपाठ शस्त्रांचा कारखानाही आला.

हर्बर्ट आठ वर्षांचा असताना स्पॅनिश फ्लूच्या साथीत आई गेली. पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला आणि नजर जवळपास गेली. शाळा सुटली. घरी शिक्षक यायचे, वाचून दाखवायचे, आणि पोरगा ऐकून लक्षात ठेवायचा. वारसदार म्हणून बापाची नजर होती ती थोरल्या हेलमुटवर. पण १९२७ मध्ये हेलमुट पॅरिसमध्ये अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर दगावला. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. ज्या पोराकडून घरानं फारशी अपेक्षा ठेवली नव्हती, तोच आता थोरला झाला.

घरात आणखी एक वळण आलं होतं. ग्युंथरनं १९२१ मध्ये माग्डा नावाच्या तरुणीशी दुसरं लग्न केलं. त्यांना हाराल्ड नावाचा मुलगा झाला. १९२९ मध्ये घटस्फोट झाला आणि दोन वर्षांनी माग्डानं लग्न केलं ते योजेफ गोबेल्सशी. हाच तो हिटलरचा प्रचारमंत्री. लग्न लागलं क्वांटांच्याच एका शेतावरच्या वाड्यात आणि साक्षीदार म्हणून उभा होता खुद्द हिटलर. १९४५ मध्ये बर्लिनच्या बंकरमध्ये गोबेल्स दांपत्यानं आपल्या सहा मुलांना मारून स्वतःला संपवलं. हाराल्ड वाचला, कारण तो तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या कैदेत होता.

हे सगळं वाचून हा एखाद्या घराण्याच्या नशिबाचा फेरा वाटेल. पण क्वांट फक्त नात्यानं नाझींच्या जवळ नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात आफाच्या बॅटऱ्या जर्मन पाणबुड्यांत बसायच्या. मागणी प्रचंड होती आणि कामगार आघाडीवर गेले होते. मग कारखान्यात आणले गेले व्यापलेल्या देशांतले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी. हॅनोव्हरजवळच्या श्ट्योकन इथल्या कारखान्यालगत १९४३ मध्ये थेट छावणीच उभी राहिली. शिशाची वाफ आणि आम्ल अंगावर घेत माणसं बॅटऱ्या बनवत होती. शेकडो माणसं तिथं मेली. हर्बर्ट १९४० मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता, त्याच काळात आफाच्या संचालक मंडळावर आला होता आणि बर्लिनमधल्या पेरट्रिक्स या उपकंपनीचा कारभार बघत होता. तिथंही छावणीतून आणलेल्या बायकांकडून काम करून घेतलं जायचं.

युद्धानंतर बाप काही काळ नजरकैदेत राहिला, पण चौकशीत त्याला नाझींच्या मागं फरफटत गेलेला साधा अनुयायी ठरवून सोडून दिलं गेलं. धंदा शाबूत राहिला. १९५४ च्या डिसेंबरमध्ये ग्युंथर कैरोत वारला आणि हर्बर्ट व हाराल्ड या सावत्र भावांच्या हाती बॅटऱ्यांपासून यंत्रांपर्यंत पसरलेलं साम्राज्य आलं. त्यात डाइम्लर-बेंझचेही शेअर होते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता बीएमडब्ल्यूकडं येऊ. युद्धानंतर तिची अवस्था बघण्यासारखी झाली होती. वर एकदम महागडी गाडी, खाली एकदम चिल्लर गाडी, आणि मधे काहीच नाही. वरच्या बाजूला व्ही८ इंजिनाची आलिशान मोटार आणि ५०७ ही देखणी स्पोर्ट्स कार. जर्मनीत सैनिक म्हणून आलेल्या एल्व्हिस प्रेस्लीनं ती घेतली होती, यावरून तिचा थाट कळावा. पण एकूण विकल्या गेल्या अडीचशेच्या आसपास आणि प्रत्येक गाडीमागं कंपनीचा तोटा. खालच्या बाजूला होती इसेटा, पुढून फ्रीजसारखी उघडणारी अंड्याच्या आकाराची गाडी. ती लाखाच्या वर खपली. पण लोकांच्या हातात पैसा यायला लागला तसं कुणाला अंड्यात बसायचं नव्हतं. डॉक्टर, वकील, छोटा कारखानदार यांना परवडेल आणि शोभेल अशी मधली गाडी बीएमडब्ल्यूकडं नव्हतीच.

तोटा वाढत गेला आणि १९५९ च्या अखेरीस संचालक मंडळानं भागधारकांपुढं प्रस्ताव ठेवला. जुन्या शेअरचं मूल्य निम्म्यावर आणायचं, नवे शेअर काढायचे आणि ते जुन्या भागधारकांना न देता डाइम्लर-बेंझ आणि बँकांना द्यायचे. थोडक्यात, घर विकायचं आणि घरच्यांना बाहेर उभं करायचं. प्रस्तावाची मुदत होती त्याच दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत.

सभेच्या अध्यक्षस्थानी होते डॉइश बँकेचे हान्स फाइट. आणि डाइम्लर-बेंझच्या देखरेख मंडळाचे अध्यक्ष होते डॉइश बँकेचेच प्रमुख हेरमान योजेफ आब्स. विकणाऱ्याच्या बाजूलाही तीच बँक आणि घेणाऱ्याच्या बाजूलाही तीच. डाइम्लर-बेंझचा सर्वांत मोठा भागधारक होता फ्रीडरिश फ्लिक, ज्याला १९४७ मध्ये न्यूरेम्बर्गमध्ये सात वर्षांची शिक्षा झाली होती. म्हणजे भूतकाळ एकट्या क्वांटांचाच काळा होता असं नाही. त्या काळच्या जर्मन उद्योगाच्या टेबलावर असे बरेच हात होते.

पण सभागृहात बसलेल्या छोट्या भागधारकांना हे पटलेलं नव्हतं. गाड्या विकणाऱ्या डीलरना भीती होती की उद्या आपली शोरूम बंद होईल. कामगारांना भीती होती की आपला कारखाना मर्सिडीजचे सुटे भाग बनवणारं वर्कशॉप होईल. डीलरांच्या बाजूनं फ्रँकफुर्टचे वकील फ्रीडरिश मातेर्न उभे राहिले. सोबतीला डार्मश्टाटचे कोळसा व्यापारी एरिश नोल्ड होते. तासन्तास वादावादी चालली. आणि मग ताळेबंदातच एक पाचर सापडली.

बीएमडब्ल्यूनं ७०० नावाची नवी छोटी मोटार नुकतीच दाखवली होती. तिच्या विकासाचा खर्च कंपनीनं एकाच वर्षात सगळाच्या सगळा दाखवला होता. गाडी पुढं अनेक वर्षं विकली जाणार असताना खर्च एका वर्षावर टाकला की तोटा आहे त्यापेक्षा भयंकर दिसतो. जर्मन कायद्यानुसार ताळेबंदातल्या ठरावीक चुकीवर बोट ठेवलं तर सभा तहकूब करायला १० टक्के मतं पुरेशी होती. ती मतं मिळाली, सभा तहकूब झाली, मध्यरात्र उलटली आणि डाइम्लर-बेंझचा प्रस्ताव आपोआप बाद झाला. एक कोळसावाला आणि एक वकील यांनी जर्मनीतल्या सर्वांत बलाढ्य बँकेला हिशेबाच्या वहीवरून गाठलं होतं.

या सगळ्यात हर्बर्ट क्वांट कुठं होता? तर आधी विक्रीच्या बाजूनं झुकलेला. त्याच्याकडं बीएमडब्ल्यूचे शेअर होते तसे डाइम्लर-बेंझचेही होते. सौदा झाला असता तरी त्याचं वाकडं होणार नव्हतं. उलट शहाणपण त्यातच होतं. पण डीलर आणि छोटे भागधारक कसे चिवटपणे भिडले हे त्यानं पाहिलं. कामगारांचे पुढारी कुर्ट गोल्डा यांनीही त्याच्यामागं लकडा लावला. शिवाय ७०० गाडी चांगली खपेल अशी चिन्हं होती, आणि पुढं ती १,८८,००० हून जास्त खपलीही.

मग त्यानं उलटा डाव टाकला. बँकर नको म्हणत असताना आणखी शेअर विकत घेऊन आपला वाटा निम्म्याच्या आसपास नेला. हाराल्डला हा उद्योग फारसा पसंत नव्हता, त्यामुळं जोखीम हर्बर्टच्या डोक्यावर आली. म्युनिकजवळच्या आलाख इथल्या विमान इंजिनाच्या कंपनीतला निम्मा हिस्सा एमएएनला विकून रोख रक्कम उभी केली गेली आणि सगळा पैसा त्या मधल्या गाडीत ओतला.

सप्टेंबर १९६१ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती गाडी आली. बीएमडब्ल्यू १५००, जिला कंपनीनं नवा वर्ग असं नाव दिलं. चार दरवाजे, ८० हॉर्सपॉवर, आटोपशीर अंग आणि अलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी बनवलेलं चपळ इंजिन. घरच्यांना घेऊन जाता येईल आणि एकटं असताना पिळताही येईल, अशी ही मोटार होती. एम५ची आजी म्हणायला हरकत नाही. नशिबानंही साथ दिली. त्याच वर्षी ब्रेमेनची बोर्गवार्ड ही कंपनी बुडाली आणि तिचे मध्यमवर्गातले ग्राहक बीएमडब्ल्यूकडं वळले.

विक्रीची सूत्रं पाउल हानेमान यांच्याकडं आली. हे गृहस्थ आले होते ऑटो युनियनमधून, म्हणजे मर्सिडीजच्याच ताब्यातल्या कंपनीतून. त्यांचं तंत्र सोपं होतं. मर्सिडीजच्या वाटेला न जाता बाजारातली मोकळी जागा शोधायची. मर्सिडीज मागं बसणाऱ्याची गाडी असेल, तर आपली पुढं बसून चालवणाऱ्याची. बीएमडब्ल्यूची आजवरची ओळख तिथं घडली.

तिकडं ऑटो युनियनचं काय झालं? डाइम्लर-बेंझला ती फार काळ सांभाळायची नव्हती. १९६५ पासून तिचा ताबा फोक्सवॅगनकडं गेला. पण जाताना मर्सिडीजचा एक इंजिनिअर, लुडविग क्राउस, तिथंच राहिला आणि मर्सिडीजमध्ये तयार झालेलं एक इंजिनही सोबत राहिलं. त्या इंजिनावर १९६५ मध्ये ऑडी हे नाव पुन्हा रस्त्यावर आलं. नव्या मालकांना ऑडीची स्वतंत्र गाडी नकोच होती, तरी क्राउसनं गुपचूप ऑडी १०० बनवली आणि ती चालली. आज या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांची जुळणी आपल्याकडं महाराष्ट्रातच होते, मर्सिडीजची चाकणला आणि ऑडीची छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. बीएमडब्ल्यूनं चेन्नई निवडलं.

अशी तिघांची घरं वेगळी झाली आणि मग सुरू झाली खरी खुन्नस. पहिला मोठा बार मर्सिडीजनं उडवला. इंजिनिअर एरिश वाक्सेनबेर्गर यांनी बड्या धेंडांच्या ६०० मोटारीतलं ६.३ लिटरचं इंजिन उचलून एका सभ्य सेडानमध्ये कोंबलं. १९६८ मध्ये आलेली ती ३०० एसईएल ६.३ ताशी २२० किलोमीटरला जायची. १९६७ मध्येच एएमजी नावाचं छोटं वर्कशॉप सुरू झालं होतं. त्यांनी हीच गाडी आणखी फुगवली आणि १९७१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत तिला दुसऱ्या नंबरवर आणलं. हलक्याफुलक्या रेसिंग कारच्या गर्दीत तो लाल रणगाडा बघून लोक चक्रावले होते.

बीएमडब्ल्यूकडून उत्तर यायला वेळ लागला, पण तयारी क्वांटच्या डोळ्यांदेखत झाली. १९६७ मध्ये हाराल्ड विमान अपघातात गेला आणि घराण्याचा भार एकट्या हर्बर्टवर आला. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूनं डिंगोल्फिंगची ग्लास ही कंपनी घेतली आणि मोठ्या कारखान्यासाठी जागा मिळवली. १ जानेवारी १९७० ला त्यानं बीएमडब्ल्यूच्या खुर्चीत बसवलं एबरहार्ड फॉन कुएनहाइम यांना. वय ४१, मोटारधंद्याचा अनुभव शून्य, क्वांटांच्याच यंत्राच्या कंपनीतला माणूस. लोकांनी भुवया उंचावल्या. पुढं कुएनहाइम १९९३ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. १९७२ मध्ये शर्यतींसाठी बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्ट ही वेगळी कंपनी निघाली आणि त्याच वर्षी पहिली ५ सिरीज आली. एम या अक्षराचा उगम त्या मोटरस्पोर्टमध्ये आहे.

आणि ते डाइम्लर-बेंझचे शेअर? ते क्वांट कुटुंबाकडं तोवर होतेच. १९७४ मध्ये हर्बर्टनं तो सुमारे १४ टक्क्यांचा हिस्सा कुवेतला विकून टाकला. जर्मनीत मोठा गहजब झाला. ज्या कंपनीला बीएमडब्ल्यू देऊन टाकायला तो एकेकाळी तयार झाला होता, तिच्यातून तो असा बाहेर पडला.

२ जून १९८२ रोजी कील शहरात हर्बर्ट क्वांट वारला. १९८५ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली एम५ आली तेव्हा तो नव्हता. दिसायला शेजाऱ्याच्या ५ सिरीजसारखी, पण आत एम१ या सुपरकारच्या घराण्यातलं २८६ हॉर्सपॉवरचं इंजिन, तेही हातानं जोडलेलं. एकूण सव्वादोन हजारांच्या आसपासच बनल्या.

पुढचा सामना रंगतच गेला. १९९० मध्ये मर्सिडीजनं ५०० ई आणली आणि तिच्या बांधणीसाठी चक्क पोर्शेची मदत घेतली. १९९८ च्या एम५मध्ये ४०० हॉर्सपॉवरचं व्ही८ आलं. २००२ मध्ये ऑडीनं पहिली आरएस६ उतरवली ४५० हॉर्सपॉवरची, तर त्याच वर्षी ई५५ एएमजी आली ४७६ ची. २००५ मध्ये बीएमडब्ल्यूनं ५०७ हॉर्सपॉवरचं व्ही१० लावलं, ऑडीनं २००८ मध्ये ५८० चं. हे म्हणजे गल्लीतल्या पोरांनी एकमेकांना छाती फुगवून दाखवावी तसं चाललं होतं. यात सर्वांत बोलका बदल झाला २०१७ मध्ये. मागची चाकं फिरवण्यातच मर्दुमकी मानणाऱ्या एम५नं शेवटी ऑडीसारखी चारही चाकांना ताकद देणं स्वीकारलं, कारण ६०० हॉर्सपॉवर मागच्या दोन टायरना पेलवेनात. २०२४ ची एम५ तर ७२७ हॉर्सपॉवरची हायब्रिड आहे आणि वजनात २४०० किलोच्या वर. आरएस६ची सेडान मात्र २०१० नंतर बंदच झाली, ती फक्त लांब डिकीच्या अवांत रूपात राहिली.

त्या व्ही१० एम५च्या ऐन बहरात, ३० सप्टेंबर २००७ ला, जर्मन टीव्हीवर क्वांट कुटुंबाच्या मौनावर एक माहितीपट दाखवला गेला. श्ट्योकनच्या छावणीतून वाचलेले म्हातारे त्यात बोलले. देशभर खळबळ उडाली आणि कुटुंबाला इतिहासाची कपाटं उघडावी लागली. बॉनचे इतिहासकार योआखिम शोल्टिसेक यांना संशोधन सोपवलं गेलं आणि २०११ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. क्वांटांच्या कारखान्यांत ५०,००० च्या आसपास माणसांकडून सक्तीनं काम करून घेतलं गेल्याचं त्यातून समोर आलं. हर्बर्टला बापाचा कारभार माहीत नव्हता, अशी पळवाटही उरली नाही. पेरट्रिक्समध्ये काय चालतं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्या खाजगी शेतावरही सक्तीचे मजूर राबले होते.

आज बीएमडब्ल्यूचा जवळपास निम्मा हिस्सा त्याच्या सुझाने आणि श्टेफान या दोन मुलांकडं आहे.